माकडं शिवेवरच का मरतात?

"तळखांब गावात माकडं शिवेवरच का मरतात?" असा प्रश्न जावयाने वर्गात विचारला, आणि सातवीची सगळी पोरं एकदम शहाण्यासारखी खिडकीबाहेर बघायला लागली.

जावई म्हणजे कुणाच्या घरचा खराखुरा जावई नव्हे. तो आरोग्य खात्याचा यंत्रमानव होता. खाली सहा चाकं, वर पिंपासारखं पोट, त्यावर एक लांब हात आणि एकच मोठा डोळा. खात्याने त्याला 'आरोग्य-ज्ञान-संकलक' असं भारदस्त नाव दिलं होतं, पण तळखांबात सरकारी नावं फार दिवस टिकत नाहीत. येतो तेव्हा सगळ्यात चांगली जागा धरून बसतो, फुकटची वीज पितो आणि वर घरातल्या प्रत्येकाच्या तब्येतीची चौकशी करतो, तेव्हा हा जावईच, असं बायकांनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. फरक एवढाच, की हा रुसत नसे.

त्याने आपल्या डोळ्यातून समोरच्या भिंतीवर नकाशा पाडला. हिरवे डोंगर, त्यांतून उतरणारा निळा व्हाळ, अलीकडे तळखांब, पलीकडे पडवेल. दोन गावांच्या मधल्या शिवेवर लाल ठिपके असे ओळीने बसले होते, जणू दोऱ्यात ओवलेले मणी.

"माकडाला शीव कळत नाही," जावई म्हणाला. "ते आंबा खाताना कुणाची हद्द विचारत नाही. मग मरायलाच ते नेमकं हद्दीवर का येतं? मला कारण सापडत नाही. कुणाला ठाऊक आहे?"

"थंय तेंका बरां वाटत आसतलां!" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. पोरं खिदळली. खिदळणं हा गप्प राहण्याचा सगळ्यात सोपा मार्ग असतो.

कस्तुरी गवस मात्र हसली नाही. उत्तर वर्गातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं, तिला जरा जास्त ठाऊक होतं. आणि तिच्या घरात धाकटी काकी, रोहिणीकाकी, माकडतापाने जाऊन अजून महिना उलटला नव्हता.

उत्तर असं होतं. माकड म्हणजे मारुतीचं. ते ज्या गावाच्या हद्दीत मरेल त्या गावाने त्याचं सगळं करायचं, आणि तेराव्यापर्यंत गाव पाळायचं. गाव पाळायचं म्हणजे रानात, बागेत कुणी पाऊल टाकायचं नाही. रीत जुनी होती, आणि माकडं भाद्रपदात मरती तर कुणाची काही तक्रारही नव्हती. पण ती मरायला लागली ऐन काजूच्या हंगामात. काजू कुणासाठी थांबत नाही. काजूचं फळ, म्हणजे बोंडू, पिकला की गळतो, आणि बी तुम्ही उचलली नाही तर साळिंदर उचलतो. त्यात सरकारने आपल्या परीने भर घातली: जिथे मेलेलं माकड सापडेल ती बाग महिनाभर बंद. भरपाई? ती विचाराधीन होती, आणि विचार करणारे जिल्ह्याला बसत होते.

तेव्हा तळखांबच्या शहाण्या माणसांनी तोड काढली. माकड सापडलं की चार बाप्ये गोळा व्हायचे, त्याला गोणपाटात गुंडाळायचे, बांबूला टांगायचे आणि पडवेलवाले जेवून लवंडले की भर दुपारी शिवेपलीकडे ठेवून यायचे. वर हातही जोडायचे, कारण देवाशी वाकडं कुणाला परवडतंय? पडवेलची माणसंही काही कमी शहाणी नव्हती. दुसऱ्या दुपारी ते माकड परत अलीकडे यायचं. जिवंतपणी हिंडलं नसेल इतकं एकेक माकड मेल्यावर हिंडलं. आणि जावई बिचारा प्रत्येक ठिकाणी ते नव्याने मोजत राहिला.

कस्तुरीच्या बाबांनी, म्हणजे रामनाथ गवसांनी, त्या बांबूचं एक टोक खांद्यावर घेतलेलं तिने स्वतः पाहिलं होतं. बाबांनीही तिला पाहिलं होतं. "तोंड उघडलंस तर गावाची अब्रू जातली," एवढंच ते म्हणाले होते.

शाळा सुटली. पोरं घरी पळाली. कस्तुरी गेटपर्यंत गेली, आणि परत फिरली. कारण सकाळीच आई म्हणाली होती, "उद्यापासून कातळबागेत जाव्या. नकाशार हिरवी दिसता, आणि बियांचो सडो पडलोहा थंय." कातळबाग म्हणजे सगुणकाकाची, रोहिणीकाकीच्या नवऱ्याची, वरची बाग. रोहिणीकाकी शेवटची बी वेचायला गेली होती ती तिथेच.

जावई व्हरांड्यात भिंतीला वायर लावून वीज पीत बसला होता.

"जावयबापू, एक विचारू?"

"विचार. मला फक्त विचारताच येतं असा गावाचा समज आहे. मी उत्तरही देतो."

"माकड मेल्यार चालता काय?"

"नाही."

"आणि तेका कोणी नेला तर?"

जावयाचा डोळा जागच्या जागी थांबला. त्याच्या पोटातला पंखा तेवढा घुरघुरत राहिला. मग तो म्हणाला, "तर माझा सगळा नकाशा चुकला."

"मी काय सांगूक नाय हां," कस्तुरी घाईने म्हणाली. "मी नुसतां विचारतंय."

"कळलं. तू नुसतं विचारलंस. आता मी नुसतं सांगतो. बस."

ती पायरीवर बसली.

"माकडताप माकडापासून थेट येत नाही," जावई म्हणाला. "तो येतो गोचिडीमुळे (जनावराच्या अंगाला चिकटून रक्त पिणारा बारीक जीव). तिची पिल्लं राजगिऱ्याच्या दाण्याएवढी असतात. चावली तरी कळत नाही. त्या गोचिडीच्या पोटात तापाचा विषाणू असतो (साध्या डोळ्यांना न दिसणारा, दुसऱ्या जिवाच्या शरीरात शिरूनच वाढणारा रोगकण). माकडाला ताप आला, माकड मेलं. आता गोचिडी काय करतील? थंड पडलेल्या अंगात त्यांना गोडी नसते. त्या उतरतात, आणि जवळपासच्या पाल्यात दबा धरून बसतात. पुढचं गरम रक्त येईपर्यंत."

"म्हणजे माकड न्हेला, तरी गोचिडी..."

"बऱ्याचशा मागेच राहतात. जिथे ते पडलं तिथे. आणि ज्यांनी ते खांद्यावरून नेलं, त्यांच्या नशिबावर मी हिशेब मांडू शकत नाही."

कस्तुरीला बाबांचा खांदा आठवला. तिने पायातल्या चपलेकडे बघितलं.

"मी शिवेवर पावडर मारली," जावई सांगत होता. "अंगाला लावायचं तेल शिवेजवळच्या घरांत वाटलं. जिल्ह्याला नवी लस थोडीच आली होती, तीही तिथल्याच माणसांना टोचायला लावली. आणि कातळबागेत एकही माकड सापडलं नाही म्हणून ती नकाशावर हिरवी ठेवली. तुझी काकी त्या हिरव्या रंगावर विसंबून गेली. ही चूक माझ्या नावावर आहे."

"तुझ्या एकट्याच्या नाय," कस्तुरी म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

जावयाला रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते शिकवलेलं नव्हतं. त्याने आपला लांब हात पुढे केला, वाटेत पडलेली एक काजूची बी उचलली आणि तिच्यासमोर धरली. हे त्याला कुणी शिकवलं होतं देव जाणे.

"ही खाशील?"

"शी! तोंड भाजात. आधी भाजूक होयी, मगे फोडूक होयी, साल काढूक होयी. तेवा गर."

"बरोबर. मी काय केलं ठाऊक आहे? बिया गोळा केल्या आणि समजलो, गर मिळाला. 'इथे एक माकड मेलेलं आहे' ही झाली बी. तिला माहिती म्हणतात. ती खरी आहे की कुणी उचलून आणून टाकलेली आहे, हे पारखणं म्हणजे भाजणं. 'हे इथे कसं आलं, त्याआधी कुठे होतं, आता कुणाला धोका आहे' हे शोधणं म्हणजे फोडणं आणि सोलणं. मग हातात येतं ते ज्ञान. आणि ते माझ्या पोटात साठवून उपयोग नाही, साठवलेला गर खवट होतो. जी बाई उद्या बागेत जाणार आहे तिच्या हातात तो आज पडला पाहिजे. या सगळ्या खटपटीला ज्ञान-व्यवस्थापन म्हणतात (कुणाला काय ठाऊक आहे ते गोळा करून, पारखून, ज्याला गरज आहे त्याला वेळेवर पोचवण्याची रीत)."

"एवढ्याक एवढा मोठा नाव?"

"नाव मोठं आहे खरं. खात्याने ठेवलेलं आहे."

कस्तुरीला इच्छा नसताना हसू आलं, आणि ते तसंच विरलं.

"ऐक," जावई म्हणाला. "श्रीमंत देशांत पावलोपावली दवाखाने असतात. तिथे बातमी उशिरा कळली तरी निभावून जातं. आपल्याकडे डॉक्टर दूर, लस थोडी, रस्ता वाईट. म्हणून वेळेवर कळणं हेच आपलं पहिलं औषध. गंमत अशी, की गरीब देशांत ज्ञान कमी असतं असं नाही. ते असतं, पण सुटं सुटं असतं. माकड कुठे पडलं ते चार बाप्यांना ठाऊक. गोचिडीचं डॉक्टरला ठाऊक. बी कुठे जास्त पडली ते तुझ्या आईला ठाऊक. नकाशा मला ठाऊक. चौघांचं एकत्र आलं असतं, तर..."

त्याने हातातली बी पायरीवर ठेवली.

"मगे लोक खरां कित्याक सांगत नाय?" कस्तुरीने विचारलं, जणू लोक म्हणजे कुणी परकेच.

"तूच हिशेब कर. या गावात खरं सांगितलं तर काय होतं?"

तिने विचार केला. "गाव पाळूचा लागता. बाग बंद होता. लोक वाळीत टाकतत."

"आणि खोटं सांगितलं तर?"

"काय्येक नाय."

"म्हणजे खरं महाग आणि खोटं फुकट. लोक फुकटची वस्तू घेतात. यात त्यांचा दोष असेलही, पण हा भाव माझ्या खात्याने लावला. सापडलं की बाग बंद, हा नियम करताना मला कुणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून काही बोललो नाही."

"सगळोच डोंगर लाल करून टाक मगे. उद्या कोण जाऊचाच नाय."

"मागच्या वर्षी केला होता. सगळंच लाल दिसलं की लाल कुणी मानत नाही. बायका गेल्याच. नाही, कस्तुरी. मला जागा हवी. 'डोंगरात कुठेतरी' पुरणार नाही. झाड हवं."

"तां माका ठावक नाय."

"ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांग, कुणी नेलं ते मला नको. कुठून नेलं तेवढं हवं. माझ्याकडे बेड्या नाहीत, नकाशा आहे."

तिन्हीसांजेला कस्तुरी घरी पोचली. आई घरापुढच्या खळ्यात बसून काजू पाडायची बांबूची आकडी तारेने घट्ट करत होती. टोपली शेणाने सारवून वाळत ठेवली होती. बाबा पडवीत सुपारी कातरत होते, आणि समोरच्या कट्ट्यावर सगुणकाका बसला होता. काकी गेल्यापासून तो रोज संध्याकाळी येऊन असा बसायचा. घरी चूल पेटवायला कुणी नव्हतं, आणि हे तोंडाने कबूल करायला लागू नये म्हणून, "सहज इलंय," म्हणायचा. आई पण सहजच त्याचं ताट वाढायची.

"आये, उद्या कातळबागेत जाव नको," कस्तुरी म्हणाली.

"कित्याक गो? बी काय तुझो जावय येचतलो?"

"थंय माकड पडला होता." हे तिने काकीच्या तापावरून नुसतं ताडलं होतं.

अडकित्ता थांबला. आईने आकडी खाली ठेवली.

"कोणी सांगल्यान तुका?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज दाराच्या फटीतून यावा इतका बारीक होता.

"कोणी नाय. बाबा, जावय म्हणता, कोणी न्हेला तां तेका नको. खंयसून न्हेला तेवढांच होया. बाबा, आये उद्या थंयच जातली."

सगुणकाका कट्ट्यावरून उठला नाही. त्याने नुसती मान वळवली. भावाभावांत शेताच्या बांधावरून आरडाओरडा झालेला कस्तुरीने पुष्कळ ऐकला होता. त्याची भीती वाटायची नाही. ही मान वळली त्याची वाटली.

"भाई," काका म्हणाला, "खंय पडला होता माकड?"

बाबांनी आईकडे बघितलं. मग सारवलेल्या टोपलीकडे बघितलं. खोटं अजूनही फुकट होतं. 'व्हाळात' म्हणाले असते तरी कुणी ताडून बघणार नव्हतं. फक्त उद्या सकाळी आई डोक्यावर फडकं बांधून वर गेली असती.

"जांभळीच्या मुळात," बाबा म्हणाले. "तुझ्या बागेत. रोहिणी थंय जायच्या आदल्या आठवड्यात. माका वाटला... बाग बंद झाली तर तुझो हंगाम जातलो. तुझ्यासाठीच केलंय रे मी."

काका उठला. त्याने पायात चपला सरकवल्या.

"जेवन जा, भावोजी," आई म्हणाली.

"भूक नाय," तो म्हणाला आणि खळं ओलांडून निघून गेला. सहज आलेला माणूस असा कधी जात नाही.

बाबा अंधारून येईपर्यंत तसेच बसले. मग उठून त्यांनी अंगरखा घातला, कस्तुरीला म्हणाले, "चल, खंय बसता तो तुझो जावय?" आणि दोघं शाळेकडे गेली. बाबांनी भिंतीवरच्या नकाशावर स्वतःच्या बोटाने जांभळ दाखवली. तिथे लाल ठिपका उमटला. मग शिवेवरचे तीन ठिपके एकदम विझले. ते तिन्ही त्याच एका माकडाचे होते.

दुसऱ्या दिवसापासून जावई घरोघरी फिरला आणि प्रत्येक उंबऱ्यावर तेच एक वाक्य बोलला, "कुणी नेलं ते नको, कुठून नेलं ते सांगा." पहिले दोन दिवस त्याला चहाचंच आमंत्रण मिळालं, ज्याचा त्याला उपयोग नव्हता. तिसऱ्या दिवशी एकाने सांगितलं, मग दुसऱ्याने. रामनाथ गवसाने सांगितलं आणि त्याला कुणी बेडी घातली नाही, हे सगळ्यांनी नीट पाहून घेतलं होतं. पडवेलची माणसं म्हणाली, "आधी तळखांबवाल्यांनी किती सांगितलं ते दाखव." दाखवल्यावर तीही बोलली. जावयाने जिल्ह्याला कळवलं, की सबंध बाग बंद करण्याचा नियम ठेवाल तर ही सगळी माणसं उद्या परत मुकी होतील. पडलेल्या जागेभोवतीचा तुकडाच बंद करा, आणि त्यातल्या बियांचं मोल मालकाला द्या. जिल्ह्याने निम्मं ऐकलं. तुकडा मान्य झाला, मोल विचाराधीन राहिलं.

पण नकाशा बदलला. शिवेवरची माळ तुटली आणि ठिपके आपापल्या खऱ्या जागी, डोंगरावर गेले. तारखांप्रमाणे जोडल्यावर त्यांची एक वाट दिसू लागली, वरच्या रानातून कड्याकडेने खाली उतरणारी. वाटेच्या पुढे होतं माणगेवाडी नावाचं गाव. तिथे अजून एकही माकड मेलं नव्हतं, कुणालाच ताप नव्हता. उरलेली लस, तेल आणि पावडर तिकडे आधी गेली.

"म्हणजे होणारां आदीच कळला?" कस्तुरीने विचारलं.

"आधी कळलं नाही. उशिराच कळलं," जावई म्हणाला. "पण माणगेवाडीसाठी वेळेवर."

"पूर्वीच्या माणसांका ठावक होता काय रे? माकड मेला की रानात जाव नको म्हणान?"

"त्यांना गोचीड ठाऊक होती की नाही, मला सांगता येणार नाही. पुरावा नाही. पण तुमची रीत तुम्ही खरेपणाने पाळली असती, तर त्या तेरा दिवसांत कातळबागेत कुणी गेलं नसतं. कारण विसरलं, खर्च तेवढा लक्षात राहिला. कारण न सांगता दिलेल्या नियमाचं असंच होतं. माझ्या खात्याच्याही."

त्या हंगामात कातळबागेतली बी साळिंदरांनी खाल्ली. आई खालच्या बागांत वेचायला गेली, हातापायांना तेल फासून. घरी आल्यावर गरम पाण्याने न्हाऊन कपडे उकळून टाकायची. माणगेवाडीत दोघांना ताप आला, दोघंही पहिल्याच दिवशी दवाखान्यात पोचली आणि बरी होऊन परत आली. हे ऐकून तळखांबात कुणी ढोल वाजवले नाहीत. सगुणकाका पुन्हा खळ्यात आला नाही. आई त्याचं ताट झाकून कस्तुरीबरोबर पाठवायची, आणि तो ते धुऊन परत द्यायचा. भावाशी तो एक शब्द बोलला नाही. चतुर्थीला आला नाही, शिमग्याला आला नाही.

पुढच्या वर्षीचा काजू पिकायला लागला. एका सकाळी कस्तुरी शाळेला निघत होती, तर खळ्याच्या टोकाशी काका उभा. हातात टोपली नाही, आकडी नाही. धावत आल्यामुळे छाती वरखाली होत होती. बाबा पडवीत होते. ते उठून उभे राहिले.

"भाई," काका म्हणाला, "माकड पडलाहा. हात लावक नाय मी. फणसाच्या वयल्या अंगाक." त्याने श्वास घेतला. "आपल्याच हद्दीत."

बाबांनी मान हलवली. "पडवेलवाल्यांका कळवलंस?"

"तू जा तिकडे. मी थंय राखण करतंय, लांबसून. कोणाच्या बायल मानसाक वर सोडूचंय नाय."

कस्तुरीने दप्तर तिथेच टाकलं आणि ती जावयाला सांगायला धावत सुटली. मागे वळून पाहिलं तेव्हा दोघे भाऊ दोन वाटांनी निघाले होते, एक शिवेकडे, एक डोंगराकडे, आणि पडवीच्या कठड्यावर आईने आज संध्याकाळसाठी काकाचं ताट आधीच घासून ठेवलं होतं.